मोठी, छोटी आणि किती दिवसांची: एडिसच्या पिंजऱ्यासमोरच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

पुण्याहून पाकीट आलं. आत फिल्टर पेपरच्या चार पट्ट्या आणि त्यांवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची अंडी. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या वसाहतीतली आहेत, त्यामुळे डेंग्यूची धास्ती नाही. कोरडी राहिली तर काही महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात. कुरिअरवाल्याने पाकीट टेबलावर आपटलं तेव्हा माझाच जीव वरखाली झाला.

एम.एस्सी.च्या फॉर्मवर विषय असा लिहिलाय: 'एडिस मादीचं वय आणि शरीराचा आकार यांचा रक्त पिण्यावर होणारा परिणाम'. वहीत तक्ता आखून ठेवला. उभ्या बाजूला वय, आडव्या बाजूला 'मोठी' आणि 'छोटी', चौकटीत 'प्यायली' किंवा 'नाही'. मॅडमनी तक्ता पाहिला. म्हणाल्या, "छान आहे. आधी डास तर होऊ देत."

पिंजरा सुताराकडून करून घेतला. चारी बाजूंनी मच्छरदाणीची जाळी, पुढे हात घालायला कापडी बाही. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात डास पाळायचं काम याआधी कुणी केलेलं नाही. लॅबमधल्या मामांना हे सगळंच संशयास्पद वाटतंय. "लोकं डास मारायला पैसं घालत्यात, तुम्ही पाळायला घाला," म्हणाले.

९ जानेवारी

पाणी उकळून, झाकून गार केलं. उकळल्याने प्राणवायू कमी होतो आणि तशा पाण्यात अंडी भराभर फुटतात. दुपारी बाराला पट्ट्या बुडवल्या. एकच्या आत पहिल्या अळ्या वळवळायला लागल्या, स्वल्पविरामाएवढ्या.

ट्रे 'अ': एक लिटर पाण्यात ५० अळ्या. ट्रे 'ब': तेवढ्याच पाण्यात २५०. खाणं दोन्हीकडे सारखंच, म्हणजे 'ब'मधल्या प्रत्येकीच्या वाट्याला पाचवा हिस्सा. कुत्र्याची बिस्किटं आणि यीस्ट दळून तीनास दोन या मापाने. घरचा मिक्सर वापरलाय हे आईला सांगितलेलं नाही.

मामांनी ट्रेमध्ये डोकावून विचारलं, "ह्यातली बारकी मोठी झाल्यावर चावणार व्हय?" हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. डास एकदा कोषातून बाहेर पडला की वाढत नाही. घरात दिसणारा बारका डास म्हणजे मोठ्याचं पिल्लू नव्हे. तो अळी असताना अर्धपोटी राहिलेला पूर्ण वाढलेला डास आहे. मोठं व्हायचं असेल ते पाण्यातच व्हायचं. म्हणून आकार ठरवायला मला पिंजऱ्यात काही करता येणार नाही, जे करायचं ते या दोन ट्रेमध्ये.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी असूनही सकाळी आले. थर्मामीटर १७ वर. रात्री खिडकी कुणीतरी उघडी टाकली होती आणि 'अ' ट्रे नेमका खिडकीशी होता.

थंडीत अळ्या सावकाश वाढतात, हे तर झालंच. पण थंडीमुळे सावकाश वाढलेल्या अळीचा डास आकाराने मोठा निघतो. म्हणजे माझ्या 'मोठ्या' जर आणखी मोठ्या झाल्या, तर त्याचं श्रेय खाण्याला द्यायचं की खिडकीला? दोन्ही ट्रे एकाच फळीवर आणले, वर ६० वॅटचा बल्ब लावला. बीओडी इनक्युबेटर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारं कपाट, वनस्पतीशास्त्रवाल्यांच्या बुरश्यांनी भरलाय. महिनाअखेर रिकामा करू म्हणालेत. ही पहिली खेप आता सरावाची धरायची. वहीवर तसं लाल शाईने लिहिलं.

२४ जानेवारी

'अ'मधले सगळे डास २० आणि २१ तारखेला बाहेर आले. आधी नर, मागून माद्या. नर ओळखायला सोपा, त्याच्या मिशा बाटली धुवायच्या ब्रशसारख्या झुपकेदार. तो चावत नाही, त्याचं साखरपाण्यावर भागतं. मादीसुद्धा साखरपाणी पिते, रक्त तिला अंड्यांसाठी लागतं.

'ब'मध्ये अजून निम्म्या अळ्याच आहेत. रोज पाच-दहा कोष होतात. इथे दोन चुका लक्षात आल्या.

पहिली: मादीचा कोष मोठा, नराचा लहान, या नियमाने मी कोष वेगळे करत होते. 'अ'मध्ये हा नियम चालला. 'ब'मधल्या उपाशी माद्यांचे कोष 'अ'मधल्या नरांएवढेच निघाले. परिणामी माद्या म्हणून ठेवलेल्या एका कपात सकाळी तीन झुपकेवाले बसले होते. आता शेपटीकडचं टोक भिंगाखाली बघूनच ठरवायचं.

दुसरी मोठी आहे. छोट्या माद्या मागाहून जन्मतात, तेही दहा-बारा दिवसांत विखरून. मी जर 'आज दोन्ही पिंजऱ्यांना फीडर (रक्त पाजायचं उपकरण) लावला' असं लिहिलं, तर मोठ्या पंधरा दिवसांच्या आणि छोट्या एक ते दहा दिवसांच्या, सगळ्या मिसळलेल्या. मग छोट्या कमी प्यायल्या तर त्या छोट्या म्हणून की कोवळ्या म्हणून? तक्त्याच्या दोन बाजू मी वेगळ्या धरल्या होत्या, ट्रेमध्ये त्या एकमेकींत गुंतलेल्याच आहेत. पुढच्या खेपेपासून प्रत्येक मादीला वेगळा कागदी कप, कपावर क्रमांक आणि जन्मतारीख. चहाच्या टपरीवाल्याकडून १०० कप आणले. तो म्हणाला, "पार्टी हाय काय?"

३ फेब्रुवारी

रक्ताचा दिवस. पुरता फसला.

खाटकाकडून बाटलीत बकऱ्याचं रक्त आणलं. "रक्ती मुंडी करायची काय?" या प्रश्नाला मान हलवून मोकळी झाले, डासांचं सांगत बसले असते तर रांग थांबली असती. कॉलेजात पोचेपर्यंत बाटलीत खरवसाची वडी. रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट बाटलीत आधी घालायचं असतं, ते मी पिशवीत वेगळं नेलं होतं.

मामांना दया आली. बाही वर करून म्हणाले, "माझाच हात घाला की. घरात फुकट चावत्यातच." मॅडमनी नाही सांगितलं. माणसाच्या हातावर डास सोडायचे तर नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि एवढ्या छोट्या प्रकल्पाला ती कुणी देणार नाही. मामांना मी रॉसची गोष्ट सांगितली. सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला दर चाव्यामागे एक आणा दिला. १६ ऑगस्ट १८९७ ला त्याच्यावर डास सोडले आणि पुढे रोज एक-दोन फाडून बघत गेला. २० तारखेला चार दिवस झालेल्या मादीच्या पोटाच्या भिंतीवर त्याला हिवतापाच्या गाठी दिसल्या. त्या माद्या ॲनॉफेलिस होत्या, एडिस नव्हे. मला त्या गोष्टीतलं आवडतं ते रॉसने दिवस मोजले हे. रक्त प्यायल्या प्यायल्या मादी कापली असती तर काहीच दिसलं नसतं.

मामांचा निष्कर्ष वेगळा: "एक आणा म्हंजे त्या काळात बरं होतं की."

५ फेब्रुवारी

आज जमलं. सायट्रेट बाटलीत घालून नेलं. काचेचा फीडर, त्याच्या बाहेरच्या कप्प्यातून ३७ अंशांचं पाणी फिरतं, तोंडाला ताणून पातळ केलेला पॅराफिल्म, म्हणजे मेणासारखा ताणला जाणारा पापुद्रा. पहिली दहा मिनिटं एकही मादी आली नाही. मग मॅडमनी सांगितलेली युक्ती केली, पॅराफिल्म स्वतःच्या मनगटावर चोळला आणि जाळीवर एक हळूच फुंकर मारली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला आणि पिंजरा जागा झाला. ऊब नुसती पुरत नाही, त्यांना माणसाचा वास हवा.

एका मोठ्या मादीला भिंगातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. बसली, दोन पावलं सरकली, सोंड टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग सोंडेचं बाहेरचं आवरण कोपरासारखं मागे वाकलं आणि आतल्या सुया तेवढ्या खाली गेल्या. अर्धं मिनिट काहीच नाही. नंतर पोटाच्या कडेची पांढुरकी पट्टी गुलाबी झाली, मग लाल, आणि पोट पुढून मागे भरत गेलं. अडीच मिनिटांनी सोंड काढली तेव्हा पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं टच्च आणि आरपार दिसणारं. उडताना जड झाली होती, कशीबशी भिंतीला चिकटली. थोड्या वेळात शेपटाकडून स्वच्छ पाण्याचा थेंब बाहेर आला, मग दुसरा. रक्तातलं जास्तीचं पाणी लगेच टाकून वजन कमी करते.

थांबायचं कधी हे पोटच ठरवतं. ताण जाणवला की पोटाखालून जाणाऱ्या चेतातंतूतून निरोप जातो. १९६९ साली रॉबर्ट ग्वाड्झने तो तंतू कापून बघितला, तर मादी थांबेचना, पोट फुटेपर्यंत पीत राहिली.

१२ फेब्रुवारी

सरावाच्या खेपेतले निकाल मांडायला बसले आणि 'प्यायली/नाही' हा तक्ता फाडला.

'नाही' लिहिलेल्या माद्या चार प्रकारच्या आहेत. काही जागच्या हलल्याच नाहीत. काही फीडरपर्यंत आल्या आणि परत गेल्या. काहींनी सोंड टोचली, पण रक्त मिळालं नाही, दोन-तीनदा टोचून सोडून दिलं. आणि काही थोडं पिऊन मध्येच उठल्या, त्यांच्या पोटात लाल रेघ होती, पण मी घाईत 'नाही' लिहिलं होतं. यातली तिसरी आणि चौथी रोगाच्या दृष्टीने मुळीच 'नाही' नव्हेत. टोचताना लाळ सोडलेली असते आणि विषाणू लाळेतूनच जातो. पोट भरलं की रिकामं राहिलं याच्याशी चावलेल्या माणसाला काय देणंघेणं?

नवीन रकाने: आली का, किती वेळाने. बसली का. किती वेळा टोचलं. किती सेकंद प्यायली. पोट रिकामं, पाव, अर्धं की पूर्ण. आणि शेवटचा रकाना, जो सुरुवातीला सुचलाच नव्हता: उद्या परत आली का.

दुसरी खेप ८ तारखेपासून इनक्युबेटरमध्ये आहे, २८ अंशांवर. बुरश्यांना निरोप.

२० फेब्रुवारी

मोठ्या माद्या १६ आणि १७ ला जन्मल्या. कपात एकेक. साखरपाण्याचा कापूस आदल्या दिवशी काढून घेते, नाहीतर पोट भरलेलं असतं.

पहिला दिवस: एकही आली नाही. फुंकर मारली, मनगट चोळलं, काही उपयोग नाही. कपाच्या भिंतीवर पाय पसरून बसून राहिल्या. दुसरा दिवस: काही उडाल्या, घिरट्या घातल्या, टोचलं मोजक्यांनीच. तिसरा दिवस: झाकण फीडरखाली नेईपर्यंत सोंड जाळीतून बाहेर.

तीन दिवसांत हा फरक कशाने? नव्याने जन्मलेल्या मादीचं शरीर अजून पक्कं व्हायचं असतं. मेंदूमागच्या ग्रंथींतून ज्युव्हेनाइल हॉर्मोन सुटायला लागतं, त्याने अंडाशयातली बीजं पहिल्या टप्प्यापर्यंत वाढून थांबतात, रक्ताची वाट बघत. याच दिवसांत मिशांवरच्या पेशींना घामातल्या लॅक्टिक आम्लाचा वास तीव्रपणे कळू लागतो. पहिल्या दिवशीची मादी भूक नाही म्हणून बसलेली नसते, आपण तिच्या नाकाला अजून माणूस म्हणून पोचलेलो नसतो.

वजनं केली. कॉलेजचा तराजू मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो, पण एका डासावर आकडा स्थिर होत नाही. म्हणून बर्फावर गुंगवून दहा-दहा एकत्र. सरावाच्या खेपेतल्या दहा मोठ्या २४ मिलिग्रॅम, दहा छोट्या ११. म्हणजे दोन छोट्या मिळून एक मोठी. डोळ्यांना हा फरक इतका वाटत नाही.

२२ फेब्रुवारी

मुंग्या. साखरपाण्याच्या कापसाच्या वासाने रात्रीत टेबलाच्या पायांवरून चढल्या आणि अकरा कप साफ केले. कपात पाय आणि पंख तेवढे उरले होते. आजीच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली पाण्याच्या परातीत वाट्या असायच्या. टेबलाच्या चारी पायांखाली आता पाण्याच्या वाट्या. शास्त्राच्या पुस्तकात हे शोधत बसले असते.

आजच छोट्यांची एक मोठी तुकडी जन्मली, २१ माद्या. क्रमांक २५ ते ४५.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कॉलेज बंद, मामांनी किल्ली दिली.

छोट्यांचा काल तिसरा दिवस होता. मोठ्यांच्या मानाने कमी आल्या, उशिरा आल्या. फीडर जरा हलला की उठून जायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. मोठ्या उठल्या तरी दोन सेकंदांत परत त्याच जागी. चिवटपणा हा शब्द मला मोठ्यांच्याच रकान्यात लिहावासा वाटला. काल रात्री झोपताना उत्तर मिळाल्यासारखं वाटत होतं: छोट्या कमी चावतात.

आज सकाळी 'उद्या परत आली का' हा रकाना भरायला सगळ्या कपांना पुन्हा फीडर लावला. पोटभर प्यायलेल्या मोठ्यांच्या नोंदी १९ आणि २० तारखेच्या आहेतच: दुसऱ्या दिवशी एकही आली नव्हती. कपाच्या तळाशी काळपट पोट घेऊन बसून होत्या. आज छोट्यांमध्ये मात्र काल प्यायलेल्यांपैकी पाच पुन्हा आल्या. क्रमांक ३१ तर काल पोट पूर्ण भरून गेली होती, माझ्या हाताने 'पूर्ण' लिहिलेलं आहे. आज परत टोचून पूर्ण.

हे मी शोधलेलं नाही, पुस्तकांत आहे. अर्धपोटी वाढलेली अळी मादी होते तेव्हा तिच्या अंगात साठवलेली चरबी आणि प्रथिनं तुटपुंजी असतात. पहिलं रक्त तिची स्वतःची तूट भरण्यात जातं, अंड्यांना पुरत नाही. दुसऱ्यांदा प्यायल्यावर अंडी धरतात. शिवाय छोट्या पोटात मावतं ते रक्तच थोडं, आणि पोट पुरेसं ताणलं नाही तर माणसाचा शोध थांबवणारा निरोपही नीट जात नाही. मार्क क्लाउडन आणि आर्डन ली यांनी हे टप्पे उलगडून दाखवले: आधी ताणाने येणारी शांतता, मग अंडी वाढायला लागली की रक्तातल्या रसायनाने येणारी.

थायलंड आणि पोर्तो रिकोमध्ये थॉमस स्कॉट आणि सहकाऱ्यांनी घराघरांतून पकडलेल्या एडिस माद्यांच्या पोटाचे पातळ छेद घेतले होते. त्यांत जुन्या रक्ताचा थर आणि नव्या रक्ताचा थर वेगवेगळे दिसले. एकाच अंडफेरीत, म्हणजे अंड्यांच्या एका खेपेपासून पुढच्या खेपेपर्यंत, दोन-दोनदा, कधी त्याहूनही जास्त वेळा. म्हणजे 'एकदा चावली की तीन दिवस निवांत' हे एडिसला पाळता येईलच असं नाही, छोटीला तर नाहीच.

पुस्तकात वाचून मला हे माहीत होतं आणि तरी काल रात्री मी चुकीचं उत्तर धरून झोपले होते. एका दिवसाच्या तक्त्यात छोटी मागे आणि दोन दिवसांच्या तक्त्यात पुढे.

५ मार्च

अंडाशय काढायचा सराव. मादी खारट पाण्याच्या थेंबात, एका सुईने छाती दाबायची, दुसरीने शेपटाकडचे शेवटचे दोन भाग हळू ओढायचे. पहिल्या सहा माद्या वाया. सातवीचे दोन्ही अंडाशय अख्खे बाहेर आले, तांदळाच्या कणीपेक्षा लहान.

हे कशासाठी? माझ्या कपांवर जन्मतारीख आहे, पण कुणाच्या घरात पकडलेल्या मादीचं वय कसं कळणार? सोव्हिएत शास्त्रज्ञ तात्याना देतिनोव्हा यांची पद्धत यासाठी वापरतात. अंडाशय काचेवर वाळू द्यायचा आणि त्याच्यावरच्या श्वासनलिकांची टोकं बघायची. मादीने एकदाही अंडी घातली नसतील तर ती टोकं लोकरीच्या गुंड्यांसारखी गुंडाळलेली दिसतात. अंडाशय एकदा फुगून गेला की गुंड्या सुटतात आणि परत कधी बसत नाहीत. किती दिवसांची हे यातून कळत नाही, पोरांची आई आहे की नाही एवढंच कळतं. तेवढंही पुष्कळ आहे, कारण जी एकदाही व्यायलेली नाही तिने रोग पोचवला असण्याची शक्यता फार कमी.

माझ्या स्लाइडवर एक अंडाशय गुंड्यांचा, एक सुटलेला. मामांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "स्वेटर उसवलाय."

३१ ने २ तारखेला अंडी घातली, काल तिसऱ्यांदा प्यायली.

१४ मार्च

धुळवड. रंग लागलेल्या हाताने फीडर धरायचा नाही एवढी काळजी घेतली. छोट्यांना आज वीस दिवस पूर्ण. २१ पैकी उरल्या चार.

मोठ्यांच्या वीस दिवसांच्या नोंदी गेल्या आठवड्यातल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जिवंत होत्या. म्हाताऱ्या माद्यांबद्दल लिहायचं तर: येतात. सावकाश येतात, उड्डाण अडखळतं, पंखांची झालर झडलेली, पायांवरचे पांढरे पट्टे पुसट. पण टोचायला लागल्या की पाच दिवसांच्या मादीइतकंच पितात.

इथे मला 'वयाने रक्त पिण्यावर फारसा परिणाम होत नाही' असं लिहायचा मोह झाला. मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारली. विसाव्या दिवशी ज्या कपात आहेत त्या एकूण माद्यांच्या प्रतिनिधी नाहीत. ज्या अशक्त होत्या त्या आधीच गेल्या. उरलेल्या चारांची भूक बघून गेलेल्या सतरांबद्दल बोलता येत नाही. एकाच मादीची तिसऱ्या दिवसाची आणि विसाव्या दिवसाची नोंद शेजारी ठेवली तरच वयाचं बोलता येईल. कपांवर क्रमांक असल्यामुळे ते जमलं. त्या चारपैकी तिघी तिसऱ्या दिवशी जितक्या चटकन आल्या होत्या तितक्या आज आल्या नाहीत, हे त्यातून दिसलं. चौथी ३१.

२० मार्च

आजचा दिवस फळ्यावर गेला, आणि सगळ्या प्रकल्पातला हाच मला सर्वांत आवडला.

मॅडमनी विचारलं, "मग जास्त धोक्याची कोण?" मी म्हटलं मोठी, ती जगते जास्त. डेंग्यूचा विषाणू मादीच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तेवढं जगलीच नाही तर कितीही चावो. त्या म्हणाल्या, "किती जास्त, ते मांड."

जॉर्ज मॅकडोनाल्डने हिवतापासाठी मांडलेला हिशेब घेतला. आकडे मनाने धरलेले, पिंजऱ्यातले नव्हेत. मोठ्यांपैकी रोज १०० तल्या ९० जगतात असं धरू, छोट्यांपैकी ८०. विषाणूला दहा दिवस. ०.९ ला दहा वेळा गुणलं तर ०.३५, म्हणजे शंभरातल्या ३५ मोठ्या दहावा दिवस बघतात. ०.८ ला दहा वेळा गुणलं तर ०.११, छोट्या ११ च. शिवाय दहाव्या दिवसानंतरचं आयुष्यही धरायचं: मोठीचं सरासरी साडेनऊ दिवस, छोटीचं साडेचार. दोन्ही मिळून मोठीचं पारडं जवळजवळ सातपट जड. मी खडू खाली ठेवला.

"चावे?" मॅडम म्हणाल्या.

छोटी दुप्पट वेळा चावते असं धरू. पण रोग पसरायला मादीने दोनदा चावावं लागतं, एकदा विषाणू घ्यायला आणि एकदा द्यायला. म्हणून हिशेबात चावण्याचा वर्ग येतो. दुप्पटीचे चारपट होतात. सातपटीतून चारपट गेले, मोठीचं पारडं उरलं पावणेदोन पट.

"आणि संख्या?"

यावर मी गप्प. छोटे डास निघतात कुठून? गच्च भरलेल्या पाण्यातून. माझ्याच 'ब' ट्रेमधून 'अ'च्या कितीतरी पट डास निघाले. एका मोठीमागे दोन छोट्या जरी निघाल्या तरी पावणेदोन पट संपले. फळ्यावरचं उत्तर धरलेल्या आकड्यांचं आहे, ०.८ च्या जागी ०.८५ घेतलं की सगळं पुन्हा हलतं. पण मला 'मोठी की छोटी' याचं एका शब्दात उत्तर हवं होतं, ते आता मागत नाही.

संध्याकाळी हॉस्टेलच्या मागचं पिंप बघायला गेले. मेसवाल्या मावशींनी पाणी साठवून ठेवलेलं, वर फळी. आत अळ्यांची खिचडी. पायरीवर बसलेल्या तीन माद्या पकडून मोजल्या, पंख माझ्या छोट्यांएवढेच. मावशी म्हणाल्या, "काढते की गं निम्मं पाणी." निम्मं काढू नका म्हणून सांगितलं. निम्म्या अळ्या गेल्या की उरलेल्यांना खाणं जास्त मिळू शकतं आणि त्यांतून धष्टपुष्ट, जास्त जगणारे डास निघू शकतात. पूर्ण उपडं करायचं आणि पाण्याच्या रेषेवर आतून काथ्याने घासायचं, अंडी भिंतीला चिकटलेली असतात. 'कोरडा दिवस पाळा'च्या पत्रकात घासायचं लिहिलेलं असतं, ते कुणी करत नाही. मावशींनी केलं, अर्थात मला बादली धरायला लावून.

२४ मार्च

३१ गेली. सकाळी कपाच्या तळाशी पाय दुमडून. तीस दिवस. १२ तारखेला चौथ्यांदा प्यायली होती, त्यानंतर १५ ला अंडी. शेवटच्या आठवड्यात फीडर लावला की उठायची, जाळीपर्यंत यायची नाही.

२९ मार्च

उद्या पाडवा. पंखांच्या मोजणीचा शेवटचा गठ्ठा. पंख बुडाशी जिथे खाच असते तिथपासून टोकापर्यंत मोजायचा, कडेची झालर सोडून. डासाचा आकार म्हणून हीच लांबी वापरतात, कारण पोट रक्ताने फुगतं आणि उपासाने आटतं, पंख मेल्यानंतरही तेवढाच राहतो. मोठ्या २.८ ते ३ मिलिमीटर, छोट्या २ ते २.३.

म्हाताऱ्यांची अडचण अशी की टोकं फाटलेली. दोन्ही पंख फाटलेल्या सहा माद्या आकाराच्या हिशेबातून वगळाव्या लागल्या, आणि त्या नेमक्या सर्वांत जास्त जगलेल्या. तळटीप लिहिली.

उरलेल्या सगळ्या जिवंत माद्या मोजून फ्रीझरमध्ये टाकल्या. पिंजरा, कप, बाही उकळत्या पाण्यातून काढली. मोजणी जुळली, एकही बाहेर नाही.

८ एप्रिल

बांधणीला जायच्या आधी मॅडमनी शीर्षकात 'परिणाम' खोडून 'वर्तन' केलं. बाकी तसंच.

३१ चा डावा पंख टोकाला फाटलेला होता. उजवा शाबूत: २.१ मिलिमीटर. स्लाइडवर चिठ्ठी लावली: क्र. ३१, छोटी, जन्म २२ फेब्रुवारी, रक्त चार वेळा. पेटीत शेवटच्या खाचेत ठेवली. मामा टेबलाखालच्या वाट्या काढायला आले, मी म्हटलं राहू देत, पुढच्या वर्षीच्या पोरांना लागतील.